बोटीवर ऊन लागलं

समुद्रसफरीच्या जाहिरातीत एक म्हातारा आणि एक म्हातारी असतात. दोघांचे केस पांढरेशुभ्र, दात त्याहून पांढरे. कठड्याला टेकून ते मावळता सूर्य बघत असतात. त्यांच्या पायांवर सूज नसते आणि त्यांना घडीघडी मोरीत धावावं लागत नाही. ती तरणी माणसं असून नुसते केस पांढरे रंगवले आहेत, असं माझं ठाम मत आहे. कमजोर हृदयाची खरीखुरी म्हातारी बोटीवर गेली तर काय होतं, हे त्या जाहिरातवाल्यांना विचारण्यात अर्थ नाही. म्हणून मी सांगते.

मी अमरावतीची. नवरा होता तोवर आम्ही दोघांनी फुलांचं दुकान चालवलं. चांदूर बाजारकडच्या आमच्या शेतातला झेंडू, शेवंती, निशिगंध विकला. तो गेल्यावर मी एकटीनं चालवलं. लग्नाचे हार आणि मयताचे हार एकाच हातानं गुंफत आयुष्य गेलं, त्यामुळे माणसांबद्दल माझ्या फार गोड कल्पना उरलेल्या नाहीत.

हार्ट फेल

दसऱ्याच्या आधी फुलांच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे श्वास लागतोय हे माझ्या उशिराच लक्षात आलं. मग चप्पल पायात जाईना. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून झोपू लागले. गल्लीतल्या सगळ्या बायांचं एकमत झालं की हा गॅस आहे. आमच्याकडे गॅस हा एकच रोग आहे, बाकीचे रोग मुंबईच्या लोकांना होतात. मी ओवा खाल्ला, पोटाला हिंग चोळला, सोडा प्याले. दिवाळीच्या तोंडावर दुकानातच डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे खऱ्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण होता. मशीनवर माझं हृदय बघत तो म्हणाला, "काकू, हृदयाची ताकद कमी झाली आहे. ह्याला हार्ट फेल्युअर म्हणतात."

आमच्याकडे हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला, तिरडी बांधा. त्या कारणानं गेलेल्या कित्येकांचे हार मीच करून दिले होते. मी त्याला विचारलं, "मंग मी इतं बसून कशी हाये?" तो हसला. मला हसू आलं नाही. मी इतकी घाबरले होते की टेबलावरून खाली उतरताना जमीन पायाला लागेना.

दवाखान्यात रोज सकाळी वजन व्हायचं. प्यायचं पाणी मोजून आणि लघवीही मोजून. तहानेनं जीभ टाळूला चिकटायची. एक नर्स गुपचूप बर्फाचा लहानसा खडा जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "चावू नका मावशी, चोखा." त्या मुक्कामातलं तेवढंच एक सुख मला आठवतं.

बाकी भेटायला येणारे. ज्या बाईचं पाणी तोडलं आहे, तिच्या उशाशी हे लोक शहाळ्यांचा ढीग लावतात. "दोन घोट घ्या वो मावशी, माह्या मनासाठी." तुमच्या मनासाठी मी फुप्फुसात पाणी भरून घेऊ? पण हे मनातच. तोंडानं मी दोन घोट घ्यायचे. आमच्याकडे कोणी हातानं दिलेलं नाकारायचं नसतं, हे मला आईनं शिकवलं होतं आणि आईचं हृदय धडधाकट होतं.

पैज

प्रशांत माझा एकुलता एक मुलगा. तो आणि सून सोनाली अकोल्याला जठारपेठेत राहतात. मी दवाखान्यातून सुटले त्या दिवसापासून त्यानं एकच धोशा लावला: दुकान तर बंद झालंच आहे, आता घरही भाड्यानं दे आणि कायमची अकोल्याला ये. मुलगा वाईट नाही. पण त्याच्या घरातल्या त्या खोलीत मी आठ दिवस राहून आले होते. तिथं मी खोकले की दोघंही दारात उभी राहायची. मी उठले की "कुठं चालल्या?" आणि बसले की "बरं नाही वाटत का?" एवढी काळजी माणसाला कैदेतही मिळत नाही.

मला माझ्या घरी राहायचं होतं. स्वतःचं दार स्वतः उघडायचं, स्वतःचा वरण-भात अळणी शिजवून खायचा, अंगणातली फुलं तोडायची. उरलेलं आयुष्य किती आहे ते डॉक्टरला ठाऊक, पण ते कुठं घालवायचं ते मी ठरवणार, एवढंच माझं म्हणणं होतं.

उन्हाळ्यात प्रशांतनं बोटीची सफर ठरवली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप बघून परत. तो, सोनाली आणि सोनालीची आई. मला म्हणाला, "बोटीवर लिफ्ट असते, डॉक्टर असतो, चालाचं काम नाही. पण तुह्याच्यानं होनार नाही आई. तुले घरातल्या घरात होत नाही."

ह्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी येते. धड गेली अन् धड आली, तर मंग अकोल्याचं नाव काढाचं नाही."

"अन् काही झालं तर?"

"तर तू म्हणशीन तिथं राहीन."

समुद्राची मला काडीची हौस नव्हती. खारं पाणी बघायला एवढं लांब कशाला जायचं? पण शब्द गेला होता. माझ्या डॉक्टरनं तपासून परवानगी दिली आणि बजावलं: मीठ नको, पाणी ठरलेल्या बाटलीतलंच, लघवीची गोळी चुकवायची नाही, आणि आडवं होता येईनासं झालं तर लगेच डॉक्टर गाठायचा. चारही गोष्टी मी पाठ केल्या होत्या.

पाच मजली लग्न

बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारं पाच मजली मंगल कार्यालय. तेच कर्कश स्पीकर, तीच रांग, तेच ताट घेऊन खुर्ची शोधणारे लोक. फरक इतकाच की लग्नातून रात्री घरी जाता येतं. खोलीत टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. त्याच्या शेजारी बसून सोनालीनं माझा फोटो काढला. हत्ती माझ्यापेक्षा बरा दिसत होता.

माझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. बंदरावर मोठ्या बॅगा आधीच काढून घेतात आणि त्या खोलीत पोचतात संध्याकाळी. सोनाली टापटिपीची, तिनं माझी सगळी औषधं नीट रचून मोठ्या बॅगेत ठेवली होती. माझी दुपारची गोळी बोटीच्या पोटात कुठंतरी आणि मी वर नाच बघत बसलेली. औषधं स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी सुनेच्याही हातात देऊ नका.

आणि जेवण! जिकडं बघावं तिकडं पदार्थ आणि सगळ्यांत मीठ. अळणी काही मिळेल का, असं विचारल्यावर वाढणारा मुलगा माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागला, जणू मी त्याचा पगारच उसना मागितला होता. शेवटी दहीभात घेतला. तोही खारट.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं घोड्याच्या जागी विहीणबाई होत्या. शकुंतलाबाई, सोनालीची आई, माझ्याच खोलीत. व्याही गुडघ्याचं निमित्त सांगून अकोल्यालाच राहिले, त्या घरातला तो एकच शहाणा माणूस. शकुंतलाबाई जन्मल्यापासून अकोल्यात. मे महिन्यात जिथं पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन पडतं, तिथं वाढलेल्या बाईला सगळ्या दुखण्यांचं एकच कारण ठाऊक असतं. चक्कर आली, ऊन लागलं. ओकारी झाली, ऊन लागलं. डोकं दुखलं, पाय दुखले, मन लागेना, ऊनच. ऊन बाधू नये म्हणून त्यांच्या पर्समध्ये एक न सोललेला कांदा होता. बाहेरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांनी गूळ, आमचूर, जिरं आणि भरपूर मीठ कुटून पन्ह्याची पूड केली होती आणि ती चूर्णाच्या जुन्या डब्यात भरून औषध म्हणून आत आणली होती. बंदरावर सामान तपासणाऱ्या मशीनवाल्यानं डबा उघडून वास घेतला आणि घाईघाईनं परत दिला.

ऊन

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. फार नाही, पण आमच्यासारख्या काळ्या मातीच्या माणसांना पुरेसा. सकाळीच प्रशांत आणि सोनाली आपल्या खोलीत आडवे झाले आणि बादलीशिवाय कोणाशी बोलेनात. मलाही गरगरू लागलं आणि ओकारी झाली. शकुंतलाबाई मात्र ठणठणीत. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि निदान सांगून टाकलं.

"ऊन लागलं तुमाले."

"विहीणबाई, बोट हलून राहिली."

"बोट हलते म्हणून लागते का कोणाले? काल तुमी वरत डोक्यावर पदर न घेता बसल्या होत्या. मी पाहून राहिली होती." असं म्हणत त्यांनी ग्लासात पूड ढवळलीसुद्धा.

मी म्हटलं, "मले मीठ चालत नाही. पाणीही मोजून."

"जेवणात नाही चालत. हे औषध हाये. औषधाले पथ्य कायचं?"

आता इथं वाचणाऱ्याला वाटेल की बाईनं सरळ नाही म्हणावं. जरूर वाटू द्या. विहिणीनं आपल्या हातानं कालवलेला ग्लास, तोही आजारपणात, तोंडाजवळ आलेला, तो परतवून दाखवा आमच्याकडे. पुढची दहा वर्षं प्रत्येक बारशात तो ग्लास निघेल आणि सोनालीला ऐकावं लागेल. मी प्याले. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण घसा कोरडा पडला होता आणि पन्हं फार चवदार होतं. मग तासाभरानं दुसरा ग्लास आला. मग तिसरा. त्या बाईची माया बघून मला मनातल्या मनात शिव्या सुचत होत्या आणि तोंडानं मी "पुरे हो" म्हणत पीत होते. बोटीच्या डॉक्टरला बोलवावं, गरगरण्यावर गोळी मागावी, हे मला सुचत नव्हतं असं नाही. पण डॉक्टर आला की प्रशांतला कळणार, आणि कळलं की मी पैज हरले.

दुपारी जेवणं झाल्यावर जरा आडवी झाले आणि छातीवर कोणी येऊन बसलं.

उठून बसले, तर जरा हलकं वाटलं. पुन्हा टेकले, पुन्हा तेच. घशात बारीक घरघर. पाय पाहिले, घोट्याचं हाड दिसेना. मला दिवाळीच्या आधीच्या त्या भिंतीची आठवण झाली आणि अंगाला घाम सुटला. खिडकीतून चारी बाजूंना पाणी. जाहिरातीत ज्याला अथांग निळाई म्हणतात ते हेच. त्या निळाईत एकही दवाखाना नव्हता.

मी पलंगाच्या कडेला बसून हिशेब केला. बोटीच्या डॉक्टरला फोन केला तर घर जातं. नाही केला तर कदाचित आपोआप उतरेल, संध्याकाळची गोळी जरा लवकर घेऊ, कोणाला कळणार नाही. इतकी मूर्ख मी आयुष्यात कधी नव्हते, पण तेव्हा काही क्षण खरंच तसा विचार केला. मग एक श्वास अर्ध्यातच अडकला. मला घर हवं होतं, पण त्या घरात राहायला मी तर हवी. शकुंतलाबाई पुढचा ग्लास ढवळत होत्या. मी हात लांब करून फोन उचलला.

चाकाच्या खुर्चीतून मला खालच्या मजल्यावर नेलं. डॉक्टरीण केरळची, पोरसवदा, हिंदी तोडकीमोडकी. तिनं छाती ऐकली, ऑक्सिजन लावला, शिरेत इंजेक्शन दिलं आणि मला विचारलं, "अम्मा, नमक? पानी? क्या लिया?"

शकुंतलाबाई दारात उभ्या होत्या. ग्लास हातातच होता. डॉक्टरणीचा प्रश्न त्यांनी ऐकला आणि त्यांचा हात खाली आला.

मी म्हटलं, "खाने में नमक जादा था."

का म्हटलं? फार मोठ्या मनानं नाही. "तुझ्या आईनं माझी आई मारली असती" हे वाक्य एकदा नवरा-बायकोच्या मध्ये येऊन बसलं की मरेपर्यंत उठत नाही. मला शकुंतलाबाईंची दया आली नव्हती. पोराचा संसार दिसत होता.

इंजेक्शननं काम केलं. संध्याकाळपर्यंत लघवीवाटे ते सगळं पन्हं समुद्रात परत गेलं असावं. श्वास मोकळा झाला तेव्हा मला रडू कोसळलं. मी मरायला तयार आहे वगैरे गप्पा मी दुकानात पुष्कळ मारल्या होत्या. तयार-बियार काही नव्हते. डॉक्टरीण माझा हात धरून म्हणाली, "ठीक टाइम पे फोन किया अम्मा. लोग बहुत लेट करते."

प्रशांत भिंतीला धरत धरत आला. तोंड हिरवं पडलेलं. माझा हात त्यानं घट्ट धरला, मग मी जिवंत आहे अशी खात्री झाल्यावर ओरडला, "म्हनत होतो ना मी! खारवलेलं काही खाल्लं असशीन. तुह्यावर इश्वासच ठेवाले नाही पायजे. झालं आता. अकोला."

मी "हो" म्हटलं.

बाकीची सफर मी खोलीत पडून काढली. इतरांनी बेट पाहिलं, शंख आणले, काळे होऊन आले. शकुंतलाबाई बेटावर गेल्या नाहीत. माझ्यासमोर बसून राहायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. त्या बाईचं गप्प राहणं तिच्या बोलण्याहून जड जात होतं. चूर्णाचा डबा कुठं दिसेना.

अकोला स्टेशन

मुंबईहून अमरावतीच्या गाडीनं निघालो. ह्या गाडीला आधी अकोला लागतं, मग बडनेरा, मग अमरावती. उजाडता उजाडता अकोला आलं. प्रशांतनं आपल्या बॅगा खाली उतरवल्या, मग माझी उतरवली. फलाटावरून हात पुढे केला. "उतर आई. हळू."

मी उठले. शब्द दिला होता, पाळायचा होता. अमरावतीचं घर ह्याच गाडीच्या शेवटाला होतं आणि ते आता पुन्हा माझं होणार नव्हतं.

दारात शकुंतलाबाई वाट अडवून उभ्या. त्या उतरल्याच नव्हत्या.

"बसा खाली तुमी," त्या मला म्हणाल्या. मग वळून फलाटावर, "जावईबापू, विहीणबाईची बॅग आत द्या."

"मामी, गाडी सुटंल. आईचं ठरलं हाये."

"काय ठरलं? मी पाजलं यायले पन्हं. मिठाचं. दिवसभर. थे डॉक्टरीन इचारून राहिली होती तवा माह्या हातात गिलास होता. यायनं माह्यं नाव नाही घेतलं." त्यांचा आवाज चढला होता आणि डोळ्यांना धार लागली होती. सोनाली खाली तोंडावर हात ठेवून उभी. "इतं मी हाये, ही हाये, शेजारच्या चार बाया हायेत. आमी सगळ्याजनी मायेनं पाजू अन् ह्या लाजेनं पितीन. अमरावतीले यायले आग्रह कराले कोणी नाही, म्हणून ह्या जित्त्या हायेत. न्या, आना घरी, मारून टाकतो आमी."

फलाटावरचे दोन हमाल थांबून ऐकू लागले. काय वाटलं असेल प्रशांतला, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही अजून सांगितलेलं नाही. शिट्टी झाली. त्यानं बॅग उचलून आत ठेवली, सासूला हात धरून खाली उतरवलं आणि मला म्हणाला, "अमरावतीले पोचली का फोन कर. रोज सकाळी वजन सांगाचं. रोज."

गाडी हलली. मी खिडकीशी बसले. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला भीती वाटत होती. पुढच्या वेळी छातीवर कोणी बसलं तर घरात फोन उचलणारी मीच, दार उघडणारी मीच. इतके दिवस मी लोकांच्या मायेला नावं ठेवत आले. पण ग्लास दर वेळी माझ्याच हातानं तोंडाला लागला होता आणि माझ्या घरालाही दार आहे, त्यातून शेजारणी येतातच.

समोरच्या बाकावर एक बाई होत्या. त्यांनी स्टेशनवरचा सगळा तमाशा ऐकला होता. माझे डोळे भरलेले पाहून त्यांनी डबा उघडला, चिवडा आणि लिंबाचं लोणचं, आणि माझ्यापुढे धरला. "घ्या वो बाई. थोडंसं. बरं वाटंल."

"नको," मी म्हटलं.

"घ्या ना, माह्या मनासाठी."

"नको."

त्यांनी डबा तसाच धरून ठेवला. मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि झाकण जरा जोरातच लागलं. बडनेरा येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.